बॉयलरवरची थोरली

लाँड्रीत तिला सगळे थोरली म्हणायचे, तिच्याहून दहा-दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तिची धाकटी बहीण तिच्या आधी तिथे कामाला लागली होती आणि एके दिवशी "ही आमची थोरली" म्हणून हिला घेऊन आली. धाकटी पुढे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, पण हिला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या तीन इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिथे यायचं. रोजच्या चार हजार चादरी. धुवायला गरम पाणी लागायचं, वाळवायला वाफ लागायची, इस्त्रीच्या लांबलचक रुळांनाही वाफच लागायची आणि ती सगळी वाफ यायची मागच्या बाजूच्या बॉयलरघरातून. तिथला विस्तव विझला की लाँड्री बंद, आणि लाँड्री बंद म्हणजे इस्पितळात खाटेवर अंथरायला चादर नाही.

थोरलीने बारा वर्षं इस्त्रीच्या रुळावर काढली. मग उजवा खांदा धरला तो धरलाच. डॉक्टरांनी हात वर उचलायला मनाई केली तेव्हा मॅनेजरने वैतागून तिला बॉयलरघरात धाडलं. "बस तिथे काकांच्या मदतीला. नाहीतरी इथे काय उपयोग आहे तुझा?"

बॉयलरकाका तीस वर्षांपासून तो बॉयलर सांभाळत होते. हात अजून पक्के होते, पण डोळे अधू झालेले. दर तासाला वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती हे नोंदवहीत लिहायचं म्हटलं की त्यांच्या नाकी नऊ यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी वही थोरलीपुढे सरकवली आणि म्हणाले, "पोरी, तू लिही, मी कोपऱ्यात सही ठोकतो. आणि एक लक्षात ठेव. बॉयलर म्हणजे घरातला जावई. वेळच्या वेळी पाणी विचारायचं, फार तापू द्यायचा नाही, आणि एकदम गप्प बसला तर समजायचं की कुठेतरी बिनसलंय."

थोरली हसली होती. पण हळूहळू तिला त्या जावयाचा स्वभाव कळायला लागला. दर आठ-दहा मिनिटांनी पाण्याचा पंप घुर्र करून सुरू व्हायचा आणि थांबायचा. बर्नर पेटताना आधी एक सुस्कारा टाकायचा. पाणी दाखवणारी जी उभी काचनळी होती, तिच्यातलं पाणी कधी स्थिर नसायचं, सारखं बारीक थरथरायचं. दोन वर्षांत ती एवढी तयार झाली की काका चहा पीत बसायचे आणि सगळं हीच करायची.

काका येत्या वसंतात निवृत्त होणार होते. एक दिवस ते म्हणाले, "माझ्यानंतर इथे कोण येणार? तू परीक्षा दे. बॉयलर चालवायचं लायसन्स काढ."

"मी? काका, मी शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली. शेकडेवारीचं गणित दिसलं की मला घाम फुटतो."

"मग बरं आहे की. थंडीचे दिवस येतायत, घाम फुटलेला चांगला."

अशी ती बेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागली. तंत्रशाळेत सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते आठ. सुरुवातीला वर्गात बावीस जण होते. त्यात बाई ही एकटीच. मास्तर स्वतः जहाजावर बॉयलर सांभाळलेले, आवाज असा की खिडकीची तावदानं हलावीत. एक तावदान तर खरंच फुटलेलं होतं, तिथे पुठ्ठा लावला होता.

आणि मग ती थंडी आली.

म्हातारी माणसंही म्हणाली की अशी थंडी आमच्या जन्मात पाहिली नाही. म्हातारी माणसं हे दर वर्षी म्हणतात, पण यंदा ते खरं होतं. नळाला पाणी यायच्या ऐवजी आतून खरखर ऐकू यायची. दोरीवरची पॅन्ट काढायला जावं तर ती पाटासारखी ताठ होऊन हातात यायची. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, वरून काचेसारखा गुळगुळीत. बाजारात जाणारी माणसं बदकासारखी पाय फाकून चालायची. थोरलीचे तर दुहेरी हाल. दिवसभर वाफेत उकडून निघायचं आणि पाच वाजता तशाच दमट कपड्यांनिशी बाहेर पडायचं. तंत्रशाळेत पोचेपर्यंत तिच्या शालीचं टोक कडक व्हायचं आणि केसांच्या बटा वाजायच्या.

वर्गात बाविसाचे पंधरा झाले, पंधराचे दहा, आणि झाडाची पानं गळावीत तसा एकेक जण गळत डिसेंबर संपताना सात उरले. पुठ्ठ्याच्या फटीतून वारं आत यायचं. सातही जण हातमोजे घालून लिहायचे, आणि मास्तर म्हणायचे, "अक्षर कसंही आलं तरी चालेल, बोटं शाबूत घरी न्या."

घरी वेगळाच वर्ग भरायचा. थोरलीची आई तिच्याकडेच राहायची. आईला अक्षरओळख नव्हती, पण पहाटे पाच वाजता चुलीशेजारी पुस्तक हातात धरून बसायची ती तीच. कधी कधी तर पुस्तक उलटं असायचं.

"हं, सांग. दोन नंबर."

"सेफ्टी व्हॉल्व्हचं काम काय? दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की..." थोरली धडाधडा म्हणायची.

"चूक," आई म्हणायची.

"आई, तुला वाचता तरी येतं का?"

"पुस्तक नाही येत, तुझं तोंड येतं. लहानपणी खोटं बोललीस की डावी भुवई वर जायची. आत्ता गेली. परत सांग."

आणि खरोखरच ती कुठेतरी घसरलेली असायची. थोरलीचा नवरा शाळेची बस चालवायचा. तो बाजूला बसून बुटांना पॉलिश करता करता हसत सुटायचा. "अगं, मास्तरांपेक्षा ह्या बऱ्या. फी नाही आणि सुट्टीही नाही." तिच्या वर्गाच्या तीन दिवशी स्वयंपाक तो करायचा. तिन्ही दिवशी तो करपायचा, पण वाढायचा मात्र गरम.

खरा अडथळा ना थंडीचा होता, ना गणिताचा. तो होता मॅनेजरचा.

परीक्षेच्या फॉर्मसोबत दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागत होता, आणि त्यावर मॅनेजरची सही. थोरलीने कागद तयार करून नेला. मॅनेजर म्हणाला, "ठेव, बघतो." आठवड्याने गेली, तर म्हणाला, "कुठे ठेवलास?" दुसरा कागद नेला. "आज घाई आहे." तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने खुर्चीत मागे रेलून विचारलं, "दाखला कसला? नोकरीच्या कागदावर तू इस्त्रीवाली आहेस. बॉयलरघरात तुला बसवलं होतं, कामाला ठेवलं नव्हतं."

"साहेब, दोन वर्षं मी..."

"चार बुकं वाचली म्हणून कोणी इंजिनियर होत नाही. जा, कामाला लाग."

त्याच्या मनात काय आहे हे सगळ्या लाँड्रीला ठाऊक होतं. त्याचा मेहुणा घरी बसून होता. कुठल्याशा गावातून त्याने बॉयलरचं लायसन्स काढलं होतं, कसं ते कोणी विचारत नव्हतं. काका गेले की ती जागा मेहुण्याची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

पुढच्याच आठवड्यात तिची पाळी बदलली. आता सुटायला सहा वाजायचे. पहिला अर्धा तास बुडायचा आणि वर्गात शिरताना सहा जणांच्या माना वळायच्या. थोरली दात-ओठ खात चालायची. एका बुधवारी वाटेत ती बर्फावरून घसरली आणि भर रस्त्यात बसकण मारली. पिशवीतलं पुस्तक चिखलात. तिला उठावंसंच वाटेना. पाच मिनिटं ती तशीच बसून होती. हे सगळं कशासाठी, कोणी सांगितलंय, असं तिने स्वतःलाच मोठ्याने विचारलं. मग बूड गोठायला लागलं म्हणून उठली, आणि उठलीच आहे तर म्हणून वर्गात गेली. त्या दिवशी मास्तरांनी शेकडेवारी पुन्हा शिकवली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या डोक्यात शिरली.

फॉर्म भरायला सात दिवस उरले होते तेव्हा काका पडले. घरासमोरच्या पायरीवर पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे हजर! लाँड्रीतल्या बायका त्याला 'मेहुणे'च म्हणायच्या, जणू सगळ्या कारखान्याचं त्याच्याशी नातं होतं. पस्तिशीचा, गोरागोमटा, गळ्यात नवा मफलर. मॅनेजरने थोरलीला सांगितलं, "तुझा खांदा आता बरा दिसतोय. घड्या घालायच्या टेबलावर जा."

घड्यांचं टेबल बॉयलरघराच्या भिंतीला लागून होतं. थोरली चादरी दुमडत राहिली, पण कान भिंतीकडे.

पहिल्याच दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो. तो रोज सकाळी थोडं पाणी सोडून बाहेर घालवायचा असतो, काचनळीच्या खालच्या वाटेतलाही. ते पाणी भिंतीबाहेरच्या पाइपातून गटारात जायचं. आणि तो पाइप थंडीने गच्च गोठला होता. त्याच्या तोंडाशी हातभर लांबीचा बर्फाचा सुळा लोंबत होता.

जेवणाच्या सुट्टीत ती मेहुण्याकडे गेली. "गाळ सोडलात का आज?"

"पाइप गोठलाय ना," तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "थंडी कमी झाली की सोडू."

"गरम पाण्याच्या फडक्यांनी शेकला तर तासाभरात मोकळा होईल. मी करून देते."

"ताई, लायसन्स कोणाकडे आहे? माझ्याकडे ना? मग झालं."

ती मॅनेजरकडे गेली. तिथे उत्तर याहून लहान मिळालं. "तू तुझ्या चादरी बघ."

संध्याकाळी ती काकांच्या घरी जाऊन आली. हात गळ्यात अडकवून ते अंथरुणात बसले होते. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आज गाळ सोडलाच नाही? उद्या मी फोन करतो मॅनेजरला." त्यांनी केलाही. मॅनेजर म्हणाला, "काका, तुम्ही आराम करा."

चौथा दिवस उजाडला. त्या दिवशी थंडीने कहर केला होता. खिडक्यांच्या आतल्या बाजूलाही बर्फ जमला होता. इस्पितळांतून चादरींची मागणी वाढली होती, आणि मॅनेजर सकाळपासून "लवकर, लवकर" करत फिरत होता. रूळ पूर्ण वेगाने फिरत होते, म्हणजे वाफ जोरात खर्च होत होती, म्हणजे पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा चालायला हवा होता.

थोरलीच्या हातात एक चादर अर्धी दुमडलेली होती. ती मध्येच थांबली.

"काय झालं गं?" समोरच्या बाईने विचारलं.

"पंप."

"पंपाचं काय?"

"ऐकू येत नाहीये. मघापासून ऐकलाच नाही."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंप शेवटचा ऐकल्यापासून ती चाळीस चादरींची चळत लावून मोकळी झाली होती, म्हणजे निदान पंचवीस मिनिटं. चादर तिथेच टाकून ती धावली.

बॉयलरघरात मेहुणे खुर्चीवर बसून हात शेकत होते. बर्नर धडधडत होता. काचनळीत पाणी अर्ध्याच्याही वर दिसत होतं. दिसायला सगळं झकास. पण थोरली काचेजवळ वाकली. पाणी हलत नव्हतं. एरवी सारखं थरथरणारं ते पाणी बाटलीत भरून ठेवावं तसं निश्चल उभं होतं.

"पंप शेवटचा कधी चालला?"

"चालतो की आपोआप. पाणी कमी झालं की चालतो. हे बघा ना, काच भरलेली आहे!"

मास्तरांचा आवाज तिच्या कानात घुमला. खालची वाट गाळाने बुजली तर बॉयलरमधलं पाणी काचेत येतच नाही. वरून शिरणारी वाफ थंड होऊन तिचंच पाणी काचेत साचत जातं. तेव्हा काच खोटं बोलते. आणि पंपाला हुकूम देणारा तरंगता गोळाही त्याच वाटेवर असतो, म्हणजे तोही फसतो. आत पाणी आटत राहतं आणि बाहेर सगळे खुशीत असतात.

तिने पुढे होऊन लाल बटण दाबलं. बर्नर विझला.

"अहो! हे काय केलंत? हात कसा लावलात? लायसन्स..."

"चालवायला लायसन्स लागतं," थोरली म्हणाली. "बंद करायला नाही लागत."

वाफ कमी व्हायला लागली तशी बाहेर रुळांचा सूर बदलला. दोन मिनिटांत मॅनेजर लालबुंद होऊन आत आला, मागे दहा-बारा बायका. "कोणी बंद केला? इस्पितळाची गाडी दारात उभी आहे! थोरली, तू आजपासून..."

"साहेब, आधी हे बघा, मग मला कामावरून काढायचं तर काढा."

तिने काचनळीखाली बादली धरली आणि नळीची खालची तोटी उघडली. काचेतलं पाणी सळकन बादलीत पडलं आणि मागोमाग नुसती वाफ फुसफुसत आली. तिने तोटी बंद केली. खालची वाट मोकळी असती तर पाणी उसळून परत चढलं असतं. सगळे काचेकडे बघत राहिले. काच कोरडी ती कोरडीच.

बॉयलरमध्ये पाणी किती उरलंय हे आता त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मॅनेजरच्या तोंडचं पाणीही पळालं होतं.

मेहुणा घाबरून पंपाच्या बटणाकडे झेपावला. "पाणी भरतो, लगेच भरतो!"

थोरलीने त्याचं मनगट पकडलं. दुखऱ्या खांद्यासकट सगळा जोर लावून पकडलं. "अजिबात नाही! आतल्या नळ्या तापून लाल झाल्या असतील. त्यांवर गार पाणी पडलं तर छप्पर जागेवर राहायचं नाही. कोणी कशाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर. अंगणात. आत्ताच्या आत्ता!"

तिचा असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. तिने स्वतःही ऐकला नव्हता. बायका निघाल्या, मेहुणे निघाले, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच मॅनेजरही थोरलीने दाखवलेल्या दिशेला चालायला लागला. अंगणात सगळे कुडकुडत उभे राहिले. कोणीतरी इस्पितळाच्या चादरी पांघरायला वाटल्या. मॅनेजरने काकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात काकांनी विचारलं, "बंद कोणी केला?"

"थोरलीने."

"मग बरोबर केला. मी येईपर्यंत ती सांगेल तसं करा."

सरकारी तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. बुटका, अबोल, डोक्याला कानटोपी. थंड झालेल्या बॉयलरचं झाकण काढून तो विजेरी घेऊन आत वाकला, आणि बराच वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते. बाहेर आला तेव्हा नाकाला काजळी लागली होती.

"वरच्या दोन ओळींतल्या नळ्या उघड्या पडल्यात. वाकलेल्या नाहीत. नशीब." त्याने हात पुसले. "आणखी अर्धा तास चालला असता तर मी आज तपासायला आलो नसतो. माणसं मोजायला आलो असतो. नोंदवही आणा."

वही आली. तो पानं उलटत गेला. शेवटच्या चार दिवसांची पानं जवळजवळ कोरी होती. त्याआधीची मात्र तासातासाने भरलेली, एकही खाडाखोड नाही. तो मागे मागे जात राहिला. एक महिना, सहा महिने, वर्ष, दोन वर्षं.

"हे अक्षर कोणाचं?"

मॅनेजरने खाकरून घसा साफ केला. काका गळ्यातला हात सावरत म्हणाले, "सही माझी आहे. अक्षर आणि काम हिचं."

तपासनिसाने थोरलीकडे पाहिलं. "लायसन्स?"

"नाही साहेब. परीक्षेला बसायचंय. फॉर्मची मुदत परवा संपते. अनुभवाचा दाखला नाही."

"का नाही?"

थोरलीने फक्त मॅनेजरकडे पाहिलं. मग काकांनी पाहिलं, दारात दाटलेल्या बायकांनी पाहिलं, आणि शेवटी तपासनिसानेही पाहिलं. मॅनेजरने खिशातून पेन काढलं. थंडीने शाई उतरेना, तर ते तोंडाजवळ धरून त्यावर फुंकर मारली आणि सही केली. दाखला थोरलीच्या पिशवीत तयारच होता. चौथी प्रत.

त्या दुपारी मेहुणा तिला फाटकाशी भेटला. मफलर हातात होता. "ताई, खरं सांगू? मला त्या खोलीची पहिल्यापासून भीती वाटायची. भाऊजींना नाही म्हणता आलं नाही. मी जातो परत. मी पूर्वी एका दुकानात होतो, ते काम आवडायचं, तेच बघतो." थोरलीला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ती म्हणाली, "जा, पण ह्या वेळी आवडतं तेच करा." तो मोकळा हसला आणि बदकासारखा पाय टाकत रस्त्याला लागला.

परीक्षेच्या सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. बसगाड्या बंद, शाळाही बंद. नवऱ्याने आपली बस सुरू करायचा अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी बसच्या चाकाला लाथ घालून तो म्हणाला, "चल, पायी जाऊ." पाच किलोमीटर. तो पुढे फावड्याने वाट करत, ती त्याच्या पावलांत पाऊल टाकत. पुलाजवळ वर्गातले दोघं भेटले, पुढे आणखी एक. असे एकामागून एक मुंग्यांसारखे ते परीक्षेला पोचले. परीक्षक मात्र आलेच नव्हते. त्यांची गाडी बर्फात अडकली होती. ते तासाभराने आले, तेव्हा सातही परीक्षार्थी एका शेगडीभोवती बसून त्यांचीच वाट बघत होते.

लेखी पेपरात शेकडेवारीची तीन गणितं होती. थोरलीने तिन्ही सोडवली आणि तिसरं दोनदा तपासलं. तोंडी परीक्षेत तीन जण होते. मधल्या परीक्षकाने विचारलं, "सकाळी बॉयलरघरात पाऊल टाकल्यावर सगळ्यात आधी काय कराल?"

"दारात उभी राहून ऐकेन."

"पुस्तकात असं कुठेच नाही."

"नाही साहेब. पुस्तकातलं त्यानंतर करेन." आणि तिने काचनळीपासून सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंत सगळं ओळीने म्हणून दाखवलं. एका प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही. 'येत नाही' असं तिने सरळ सांगितलं. कोपऱ्यातल्या परीक्षकाने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, कळलं नाही.

तीन आठवड्यांनी तंत्रशाळेच्या फळ्यावर यादी लागली. सातातले पाच पास. थोरलीचा नंबर दुसरा. मास्तर म्हणाले, "पहिला येणाऱ्यापेक्षा तुझे तोंडीचे मार्क जास्त आहेत." ती घरी आली तर आई दारातच उभी. थोरली तोंड उघडणार एवढ्यात आईने हात वर केला. "सांगू नकोस. कळलं मला." आणि तिला पोटाशी धरून ती एवढी रडली की नवऱ्याने आतून ओरडून विचारलं, "अहो, नापास झाली की काय?"

मार्चच्या पहिल्या सोमवारी, बाहेर अजून बर्फाचे ढिगारे असताना, लायसन्स चौकटीत बसून बॉयलरघराच्या भिंतीवर लागलं. काकांनी डाव्या हाताने खिळा ठोकला. तो वाकडा गेला, तरी त्यांनी दुसरा ठोकू दिला नाही. कोपऱ्यात त्यांचं जुनं लायसन्स होतं, त्याच्या शेजारी हे नवं. थोरलीने रात्रभर बंद असलेला, तरी आतून अजून गरम असलेला बॉयलर आधी दारातूनच नीट ऐकला. मग गाळ सोडला. बाहेरचा पाइप तिने महिन्यापूर्वीच गोणपाटात गुंडाळून घेतला होता, पाणी धो धो गटारात गेलं. काच तपासली, पाणी खाली गेलं आणि उसळून वर आलं, थरथरत राहिलं. तिने बर्नर पेटवला. त्याने आधी सुस्कारा टाकला आणि मग पकड घेतली.

काका खुर्चीत बसले होते, पण वही तिनेच घेतली. आज कोपऱ्यातली सहीही तिचीच.

हॉलमध्ये बायका जमायला लागल्या होत्या. सकाळची पहिली गाडी आली होती, चादरींचे ढीग उतरत होते. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. आत यायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने तिथूनच विचारलं, "अहो बाई, वाफ किती वाजता मिळेल?"

बारा वर्षं अधिक दोन वर्षं तो तिला 'अगं' म्हणत आला होता. थोरलीने दाबाच्या काट्यावरची नजर काढली नाही.

"मी सांगेन तेव्हा," ती म्हणाली.